आधी अँटिबायोटिक, मग कॅल्शियम: खान्देशातल्या मेडिकलवाल्यांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या औषध विक्रेत्या बंधू-भगिनींना,
आणि तालुका केमिस्ट संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी सातच्या गर्दीत आपल्यापैकी कुणाच्याही काउंटरवर ही चिठ्ठी येते. जुलाबाने गळालेला माणूस बाकावर बसलेला, चिठ्ठी त्याच्या भावाच्या हातात. ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल, झिंकच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, आणि पोटात आग होते म्हणून अँटासिडची बाटली. आपण स्ट्रिप कात्रीने कापतो, मागे पेनाने १-०-१ लिहितो, सगळं एका खाकी पाकिटात घालतो आणि सांगतो, "जेवणानंतर द्या." घरी गेल्यावर तो माणूस आपलं अगदी तंतोतंत ऐकतो. जेवण झालं की सगळ्या गोळ्या तळहातावर घेतो, एका घोटात गिळतो, वरून दोन चमचे अँटासिड. त्यामुळे त्याच्या अँटिबायोटिकचा बराच भाग रक्तापर्यंत पोचतच नाही.

डॉक्टरांनी औषध योग्य दिलं, आपण योग्य विकलं, पेशंटने वेळेवर घेतलं, पैसेही मोजले. तरी तिसऱ्या दिवशी तो परत येतो, "फरक नाही" म्हणतो, आणि पुढची चिठ्ठी आणखी जड अँटिबायोटिकची निघते. माझं चोपडा तालुक्यात दुकान आहे, मी फार्मासिस्ट आहे, आणि हे पत्र मी याच एका गोष्टीसाठी लिहितो आहे: अँटिबायोटिक आणि खनिज क्षार यांच्यामधली वेळ आपण पाकिटावर लिहायला हवी. ते काम डॉक्टरांच्या किंवा आरोग्य खात्याच्या आधी आपलं आहे.

शास्त्र आपण सगळे डी. फार्म. नाहीतर बी. फार्म.ला शिकलो आहोत, तरी थोडक्यात सांगतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही सगळी एका घराण्याची औषधं. त्यांच्या रेणूत शेजारी-शेजारी दोन ऑक्सिजन असे बसलेले असतात की दोन किंवा तीन धन भार असलेला धातूचा आयन मधे आला की ते त्याला दोन्ही बाजूंनी धरतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह, जस्त म्हणजे झिंक, हे ते आयन. धरलं की जी जोडगोळी तयार होते ती आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जात नाही, शौचावाटे निघून जाते. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सीसायक्लिन यांचंही तसंच. लहान मुलांना टेट्रासायक्लिन दिलं तर दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात, आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत, त्याचं कारणही हेच: औषध दाता-हाडांतल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं.

सोडियम आणि पोटॅशियम यांच्यावर एकच भार असतो, त्यांची अशी पकड बसत नाही. म्हणून ओआरएस निर्धास्त चालू ठेवायचं. त्यात मीठ, पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट आणि ग्लुकोज असतं, यातलं काहीही या गोळ्यांच्या वाटेत येत नाही. "क्षार घेऊ नका" असं मोघम सांगितलं आणि जुलाबाच्या पेशंटने ओआरएस बंद केलं, तर आपण भलतंच नुकसान करू. सांगताना नाव घेऊनच सांगावं लागेल.

आता आकडे. १९८९ साली सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड वेगवेगळ्या वेळी देऊन रक्तात किती औषध पोचतं ते मोजलं. गोळीच्या पाच-दहा मिनिटं आधी अँटासिड दिलं, तेव्हा एरवीच्या जेमतेम १५ टक्के औषध रक्तात पोचलं. दोन तास आधी दिलं तरी सुमारे २३ टक्केच. चार तास आधी दिलं तेव्हा ७० टक्क्यांच्या आसपास. सहा तास आधी दिलं तेव्हा कुठे फरक मिटला. आणि गोळी आधी घेऊन दोन तासांनी अँटासिड दिलं, तेव्हा औषध पूर्ण पोचलं.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर देतो आहे, कारण आपल्यातले बरेच जण "दोन तासांचं अंतर ठेवा" एवढं सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. अंतर कुठल्या बाजूला? अँटासिड आठ वाजता घेऊन दहा वाजता सिप्रो घेणाऱ्यानेही दोन तासांचं अंतर पाळलेलंच आहे, आणि त्याचं पाऊणहून जास्त औषध वाया गेलेलं आहे. कारण अँटासिडचे क्षार पोटात-आतड्यात बराच वेळ रेंगाळतात, गोळी मात्र दोन तासांत बहुतेक शोषली गेलेली असते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अँटिबायोटिक, त्यानंतर किमान दोन तासांनी बाकीचं. उलट क्रम असेल तर सहा तास. सिप्रोच्या माहितीपत्रकात "दोन तास आधी किंवा सहा तास नंतर" असं लिहिलेलं असतं ते यामुळेच. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनला त्याहून जास्त, चार तास आधी किंवा आठ तास नंतर. लेव्होफ्लॉक्सॅसिनला दोन्ही बाजूंना दोन तास सांगतात, पण मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो, म्हणजे घरी गोंधळ होत नाही.

ॲसिडिटीसाठीचं सुक्राल्फेटही याच यादीत घ्या. ते पातळ, गोड आणि लोकांच्या आवडीचं, पण त्यात ॲल्युमिनियम असतं.

दुधाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तिथे आहे. "गोळी गरम पडते" ही समजूत खान्देशात घरोघरी आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की ती आणखी पक्की होते. काउंटरवर बाई विचारते, "भाऊ, हाई गोयी दूधसंगे लेऊ का?" आपण घाईत मान डोलावतो. कुणी दूध नसेल तर ताक सांगतो, कुणी दही-साखर. माया म्हणूनच सांगतो. पण १९९१ सालच्या फिनलंडमधल्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधासोबत दिल्यावर रक्तात पोचणारं औषध साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं, आणि दह्यासोबत तर किंचित जास्तच. नॉरफ्लॉक्सॅसिनचं तर जवळपास निम्मं. जुन्या टेट्रासायक्लिनचंही दुधाबरोबर निम्म्याहून अधिक जातं. आपल्याकडचं दूध बहुतेक म्हशीचं, आणि म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा कॅल्शियम जास्त असतं.

ऑफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिनवर दुधाचा परिणाम फारसा होत नाही, हेही खरं. पण चिठ्ठीवर कुठलं "फ्लॉक्सॅसिन" आहे ते पेशंटने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा नको. सगळ्यांना एकच सांगायचं: ही गोळी भरपूर साध्या पाण्याबरोबर. डॉक्सीला तर पाणी आणखी एका कारणासाठी लागतं. घोटभर पाण्यावर गिळून आडवं झालं की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम होते. पूर्ण ग्लास पाणी, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. जेवणात वाटीभर कढी किंवा भाकरीबरोबर थोडं दही आलं तर घाबरायचं कारण नाही. पाण्याच्या जागी दूध किंवा ताक नको, एवढंच. गोळीने पोटात जळजळ होत असेल तर दोन घास भाकरी खाऊन घ्यावी, कोरडी चटणी-भाकरी चालेल.

इथेच एक भीती दूर करतो. बोअरच्या जड पाण्याचं काय, असं मला बरेच जण विचारतात. ग्लासभर जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लासभर दुधाच्या मानाने फारच थोडं असतं. गोळीपुरतं ते पाणी चालतं, त्यासाठी जारचं पाणी विकत आणायची गरज नाही. चुन्याचं मात्र विचारा. "कॅल्शियमसाठी गव्हाएवढा चुना दह्यातून घ्या" हा सल्ला मोबाइलवरून गावोगाव पोचला आहे आणि गुडघेदुखीच्या बायका तो नेमाने पाळतात. चुना म्हणजे कॅल्शियमच.

आणि हाच मोठा अडथळा आहे: चिठ्ठीवर नसलेले क्षार. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातून लोहाच्या गोळ्या सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत पोचतात. अक्कलकुव्यात, धडगावात, शिरपूरच्या वरच्या गावांत घराच्या कोनाड्यात त्या ठेवलेल्या असतात. त्या मिळायलाच हव्यात, रक्त वाढायलाच हवं. पण तीच मुलगी पुरळासाठी नाहीतर तापासाठी डॉक्सीसायक्लिन घेऊ लागली की दोन गोळ्या एका घोटात जातात. १९७० साली नुव्होनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की फेरस सल्फेटच्या एका साध्या गोळीने टेट्रासायक्लिनची रक्तातली पातळी ४० ते ५० टक्के घसरते, आणि डॉक्सीची तर ८० ते ९० टक्के. डॉक्सीचा मामला आणखी अवघड आहे, कारण हे औषध पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथे लोह भेटलं की अडकतं. म्हणून लोह तीन तास आधी किंवा नंतर घेतलं तरी पातळी काहीशी कमीच राहते. थोड्या दिवसांच्या कोर्सपुरतं लोह थांबवायचं का, हे आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांना एक फोन करायचा. बहुतेक डॉक्टर लगेच "थांबवा, नंतर सुरू करा" सांगतात.

लहान मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी. सेफडिनिर या अँटिबायोटिकचं सिरप चालू असताना लोहाचं टॉनिक सोबत दिलं तर औषधाचं शोषण ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, आणि मुलाची शी लालसर होते. आई घाबरून रक्त पडतंय म्हणत येते. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि असा रंग दिसू शकतो हे आधी सांगून ठेवायचं. दुसरी गोष्ट रक्ती आवेची. जुलाबाच्या मुलाला १४ दिवस झिंक द्यायचंच असतं, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, आणि डॉक्टरांनी सिप्रो दिलं असेल तर तेही. दोन्ही हवीत, पण एका चमच्यात नकोत. सिप्रो सकाळ-संध्याकाळ, झिंकची गोळी दुपारी चमचाभर पाण्यात विरघळवून.

क्षयरोगाच्या पेशंटबद्दल लिहिताना माझा जीव खरंच कासावीस होतो. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हा मुख्य आधार असतो. २०२४ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'बीपाल्म' (BPaLM) या सहा महिन्यांच्या नव्या उपचाराच्या नावातलं शेवटचं 'एम' म्हणजे मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच. या गोळ्या सरकारी केंद्रातून मिळतात, आपल्याकडून नाही. पण त्या गोळ्यांनी पोटात ढवळतं, छातीत जळजळ होते, अशक्तपणा वाटतो, आणि मग तो माणूस आपल्याकडे येतो. बिनचिठ्ठीचं अँटासिड मागतो, ताकदीच्या गोळ्या मागतो. आपण देतो. त्या ताकदीच्या गोळीत लोह असतं, झिंक असतं, कॅल्शियम असतं. बाजारात दुसरं सोपं औषध उरलेलं नाही अशा आजाराच्या गोळीत आपण नकळत खोडा घालतो. रक्तात अर्धवट पातळी राहिली की कमजोर जंतू मरतात आणि चिवट जंतू वाढतात. या एका पेशंटला अँटासिड देताना "टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने नाही, जरा बाजूला घेऊन, कारण गावात त्या आजाराचं नाव निघालं की माणसं दबून जातात. चालू असतील तर मॉक्सीची गोळी आधी, आणि अँटासिड किमान चार तासांनी. आणि केंद्रावरच्या ताईंना किंवा आशाताईंना कळवायचं.

इंजेक्शनबद्दल थोडंच, कारण ते दवाखान्यात लागतं, पण आपल्याकडे पेशंट सेफट्रायॅक्सोन या अँटिबायोटिक इंजेक्शनची व्हायल आणि रिंगर लॅक्टेट या सलाइनची बाटली दोन्ही एकाच पिशवीत घेऊन जातो. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं. सेफट्रायॅक्सोन त्यात मिसळलं की बारीक खडे तयार होतात. नवजात बाळांच्या मृत्यूंनंतर २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला होता. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियमची सलाइन चालू असेल किंवा लागणार असेल तर हे इंजेक्शन वर्ज्य. मोठ्यांनाही दोन्ही एकाच नळीतून एकदम द्यायचं नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला पिशवी देताना हे एक वाक्य बोलायला आपलं काही जात नाही.

सगळ्याच अँटिबायोटिकांची ही गत नाही. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, मेट्रोनिडाझोल यांना या क्षारांचा असा त्रास नाही. अमॉक्सिसिलिन दुधासोबत घेतलं तरी चालतं. म्हणून प्रत्येक पाकिटावर सरसकट शिक्का मारू नये. सगळीकडे तीच सूचना दिसली की ती कुणी वाचत नाही.

आता अडचणी. गर्दी असते, मुलगा एकटाच काउंटरवर असतो, गिऱ्हाईक ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. मला माहीत आहे. पण २०१५ सालच्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्यच ठरवलं आहे. शेड्यूल एच-वनची, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंद करायची वही आपण २०१४ पासून ठेवतो आहोत, लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन त्यातच येतात. त्या वहीत पेशंटचं नाव लिहायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हे सांगून होतं. डॉक्टर रागावतील अशी शंका असेल, तर आपण औषध बदलत नाही, डोस बदलत नाही, फक्त वेळ वेगळी सांगतो. चिठ्ठीवरचं सगळं विकलं जातंच.

तालुका संघटनांना माझी विनंती अशी. एक रबरी शिक्का करून घ्या आणि सभासदांना वाटा. त्यावर एवढंच: "ही गोळी पाण्यासोबत. दूध, ताक, गॅसचं औषध, कॅल्शियम, लोह, झिंक यांच्या दोन तास आधी." शिक्का फक्त फ्लॉक्सॅसिन आणि सायक्लिन गटाच्या पाकिटावर मारायचा, आणि मॉक्सी असेल तर 'दोन'च्या जागी पेनाने 'चार' करायचं. क्षारांच्या गोळ्या दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या रंगाच्या असल्या तर उत्तमच. वाचता न येणाऱ्यासाठी एका पाकिटावर उगवता आणि मावळता सूर्य, दुसऱ्यावर डोक्यावरचा सूर्य काढला तरी भागतं. पावरा, भिल्ल, गुजर, लेवा, कुणाच्याही घरी ते कळेल.

वेळापत्रकही आपल्या माणसांच्या दिवसात बसतं. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर सकाळी सात आणि संध्याकाळी सात. शेतमजूर बाई सातच्या सुमारास घर सोडते, तेव्हा पहिली गोळी पाण्यासोबत होऊन जाते. कॅल्शियम, झिंक, लोह दुपारी एकला, बांधावरच्या भाकरीबरोबर. सकाळच्या गोळीपासून सहा तास होतात आणि संध्याकाळच्या गोळीलाही सहा तास उरतात. डॉक्सीसोबतच्या लोहाचं तेवढं डॉक्टरांना विचारून. अँटासिड लागलंच तर रात्री दहाला, झोपताना. त्या वेळी गोळी घेऊन तीन तास झालेले असतात आणि पुढच्या गोळीला नऊ तास बाकी असतात. मॉक्सी चालू असणाऱ्याने मात्र ती सकाळी घेऊन अँटासिड दुपारी उरकावं.

ज्या संघटनेला शिक्क्याचा मजकूर अहिराणीत किंवा पावरी बोलीत हवा असेल, त्यांनी आपल्याच तालुक्यातल्या आशाताईंकडून तो लिहून घ्यावा. घरात कोण काय बोलतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आपला व्यवसायबंधू,
एक फार्मासिस्ट
चोपडा, जि. जळगाव